जन्मासोबत आलेले पाप

इ.स. 413 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात देमेत्रियास नावाच्या एका मुलीने घरच्यांना सांगितले की तिला लग्न करायचे नाही. मुलगी जेमतेम चौदा वर्षांची होती आणि लग्न अगदी तोंडावर आले होते. घराणे अनिकींचे, म्हणजे रोममधल्या अतिश्रीमंत ख्रिस्ती कुळांपैकी एक. ऑगस्ट 410 मध्ये अलारिकच्या गॉथ फौजेने रोम लुटले, तेव्हा आजी प्रोबा, आई युलियाना आणि ही मुलगी समुद्र ओलांडून आफ्रिकेत आल्या होत्या. देमेत्रियासला आता आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घ्यायचे होते. आई आणि आजीने तिचे म्हणणे मान्य केले. शिवाय ख्रिस्ती जगातल्या नामवंतांना पत्रे धाडून तिच्यासाठी उपदेश मागवला. बेथलेहेमहून जेरोमने लिहिले. पॅलेस्टाइनमध्येच राहणाऱ्या, मूळच्या ब्रिटनच्या एका तपस्व्यानेही लिहिले. त्याचे नाव पेलागियस.

पेलागियसचे ते पत्र आजही वाचताना उभारी येते. कुणालाही सदाचार शिकवण्याआधी आपण मनुष्यस्वभावात किती बळ आहे ते दाखवतो, कारण आपली ताकद ज्याला ठाऊक नाही तो पहिले पाऊलच टाकत नाही, असे तो सांगतो. देव अशक्य ते करायला सांगणारा धनी नाही. त्याने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही त्यानेच माणसात ठेवली आहे. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या लोकांत संयमी, सत्यवचनी माणसे सापडतात, तर ख्रिस्ती माणसाने सबबी का सांगाव्यात? पुढे तो देमेत्रियासला म्हणतो की तिचा पैसा आणि कुलीनपणा घराण्याकडून आला, पण आत्म्याची संपत्ती मात्र तिला तिच्याशिवाय कुणीही देऊ शकत नाही.

काही वर्षांनी हे पत्र हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आणि त्याचा जन्माचा मित्र अलिपियस यांच्या पाहण्यात आले. दोघांनी युलियानाला लिहिले. त्यांचा आक्षेप नेमक्या त्या शेवटच्या विधानावर होता. मुलीचे व्रत जर खरोखर फक्त तिचेच असेल, तर तिने प्रार्थना कशासाठी करायची आणि आभार कुणाचे मानायचे? देवाकडून मिळालेली गोष्ट स्वतःची कमाई समजायला लावणारा उपदेश त्यांना विषासारखा वाटत होता.

पुढे सोळाशे वर्षे ख्रिस्ती जग ज्यावर भांडले, तो सगळा प्रश्न या एका कौटुंबिक पत्रव्यवहारात आहे. माणूस जन्मतःच बिघडलेला असतो का? चांगले वागणे त्याच्या हातात आहे का? आणि तो चांगले वागलाच, तर त्याचे श्रेय कुणाचे?

मराठी वाचकाला हा विषय बहुधा एका वाक्यात भेटतो. आदामाने फळ खाल्ले म्हणून सगळी माणसे पापी, असे ते वाक्य. ऐकणाऱ्याला ते लगेच खटकते, आणि खटकणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे वाल्या कोळ्याची बायकामुलेसुद्धा त्याच्या पापात वाटा घ्यायला तयार होत नाहीत. ज्याचे त्याने भोगावे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. बायबलातही हेच सांगणारा मजकूर आहे. यहेज्केलाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय बापाच्या पापाची शिक्षा मुलाला होणार नाही असे स्वच्छ सांगतो. मग एवढे बुद्धिमान लोक दुसऱ्या टोकाला कसे गेले, हे पाहायचे तर सिद्धांत बाजूला ठेवून आधी माणसांकडे पाहावे लागते. तसे पाहिले की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. माणसाला कमकुवत मानणारी ऑगस्टीनची शिकवण दुबळ्यांच्या बाजूची होती, आणि माणसाला समर्थ मानणारी पेलागियसची शिकवण हरलेल्यांना फार कठोर पडणारी होती. ऑगस्टीनने मात्र आपल्या शिकवणीची जी किंमत मोजायला लावली, ती ख्रिस्ती जगाला आजवर पेलवलेली नाही.

ऑगस्टीन 354 साली थागास्ते इथे जन्मला. हे गाव आजच्या अल्जीरियात येते आणि त्याला सूक अहरास म्हणतात. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. बापाकडे थोडी जमीन, पण हात तंग. ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना शिक्षणाला पैसे नाहीत म्हणून वर्षभर घरी बसला होता. एका रात्री टोळक्यातल्या पोरांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नाशपती झोडपली. फळे दिसायलाही चांगली नव्हती आणि चवीलाही. पोरांनी एकदोन चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. सुमारे सत्तावीस वर्षांनी, बिशप झाल्यावर, ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्याने या चोरीवर पानेच्या पाने लिहिली. भूक नव्हती, फळांची गरज नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी केली कशासाठी? चोरी करण्यातच गोडी वाटली म्हणून, हे त्याचे उत्तर. एकटा असतो तर केली नसती, असेही तो नोंदवतो.

त्याच ग्रंथात त्याने पाहिलेल्या एका तान्ह्या बाळाचा उल्लेख आहे. बाळाला अजून बोलता येत नव्हते. दुसरे मूल दाईच्या अंगावर पिताना पाहून ते मत्सराने पांढरे पडले होते आणि डोळे वटारून त्याच्याकडे बघत होते. कुणालाही हसू येईल असे हे दृश्य; ऑगस्टीन मात्र त्यापाशी थबकला. लहान मुले निष्पाप वाटतात ती त्यांच्या हातापायांत बळ नसते म्हणून, मन शुद्ध असते म्हणून नव्हे, असा निष्कर्ष त्याने काढला. मुलांना जवळून पाहिलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. त्याला स्वतःलाही एक मुलगा होता, आदेओदातुस नावाचा, आणि तो कोवळ्या वयात वारला.

तरुणपणी ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात होता. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे आहेत आणि माणसातले वाईट हे त्या अंधाराचे काम, असे तो पंथ शिकवी. 386 मध्ये मिलानमध्ये त्याचे मन पालटले आणि 387 च्या ईस्टरला बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मग मानीच्या अनुयायांना खोडून काढण्यासाठी त्याने इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहिला. पाप हे माणसाच्या स्वतःच्या इच्छेतून येते, कुठल्या काळ्या तत्त्वातून नाही, असा त्यात त्याचा ठाम सूर होता. नंतर पेलागियसने आपल्या पुष्ट्यर्थ याच ग्रंथातली वचने काढून दाखवली, आणि म्हाताऱ्या ऑगस्टीनला आपलेच जुने लिखाण पुन्हा समजावून सांगत बसावे लागले.

पेलागियस हा काही बंडखोर नव्हता, हे इथे नोंदवायला हवे. रोममध्ये तो वर्षानुवर्षे खानदानी कुटुंबांचा आध्यात्मिक सल्लागार होता. राजाश्रय मिळाल्यावर चर्चमध्ये शिरलेली ढिलाई त्याला सलत होती. बाप्तिस्मा घेतला, रविवारी हजेरी लावली, आणि बाकी आयुष्य पूर्वीसारखेच. वर माणूस दुबळा आहे हो, ही तयार सबब. एकदा एका बिशपने त्याच्यासमोर ‘कन्फेशन्स’मधली एक प्रार्थना म्हटली. देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, असा तिचा आशय. पेलागियस भडकला. सगळे देवानेच करायचे असेल तर माणसाने काय करायचे?

वादाला तोंड फुटले ते त्याच्या शिष्यामुळे. सेलेस्तियस हा वकिली डोक्याचा माणूस 411 च्या सुमारास कार्थेजला आला आणि गुरू ज्याबद्दल सांभाळून बोले ते त्याने उघड मांडले. आदामाच्या पापाने आदामाचेच नुकसान झाले, साऱ्या मानवजातीचे नाही. नवजात मूल हे पाप करण्यापूर्वीच्या आदामासारखेच असते. सेलेस्तियसवर आरोप ठेवला गेला तेव्हा प्रतिपक्षाने बोट ठेवले ते तर्कावर नाही, रोजच्या विधीवर. चर्च पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देते आणि तान्ह्या मुलांनाही देते. बाळाने स्वतः काही केलेले नाही, मग क्षमा कुठल्या पापाची? घरोघरी चालत आलेल्या रीतीने सिद्धांताला असा आधार दिला. धर्माच्या इतिहासात हे वरचेवर घडते. लोक आधी काही करू लागतात, आणि ते का करतात याचे शास्त्र मागाहून तयार होते.

पुढची सात वर्षे धावपळीची होती. डिसेंबर 415 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या दियोस्पोलिसच्या सभेत चौदा बिशपांनी पेलागियसला निर्दोष ठरवले. 417 मध्ये पोप इनोसंट पहिला याने त्याला दोषी ठरवले. त्याच्या मागून आलेल्या झोसिमसने आधी सोडून दिले आणि मग घूमजाव केले. 30 एप्रिल 418 रोजी सम्राट होनोरियसने पेलागियस आणि सेलेस्तियस यांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला. दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, कार्थेजला जमलेल्या आफ्रिकी बिशपांच्या सभेने त्यांच्या शिकवणीचा धिक्कार केला. दरबारी अधिकाऱ्यांना वश करण्यासाठी अलिपियसने आफ्रिकेतून ऐंशी घोडे नेले, असा आरोप विरोधकांनी केला. आरोप खरा असो वा खोटा, धर्मशास्त्रातला वाद राजाच्या फर्मानाने मिटवला गेला ही गोष्ट उरतेच. ऑगस्टीनला त्याचा संकोच वाटला नाही. आफ्रिकेतल्या फुटीर ख्रिस्ती गटाविरुद्ध, म्हणजे दोनातुसच्या अनुयायांविरुद्ध, सरकारी बळ वापरण्याचे समर्थन त्याने याआधीच केले होते, आणि त्या समर्थनाचा दाखला पुढे शतकानुशतके दिला गेला.

पेलागियस इथून पुढे इतिहासातून नाहीसा होतो. पण ऑगस्टीनला त्याचा सर्वांत तिखट विरोधक अजून भेटायचा होता. दक्षिण इटलीतल्या एक्लानमचा तरुण बिशप जुलियन हा त्याच्या एका जुन्या मित्राचा मुलगा. पेलागियसच्या धिक्काराच्या पत्रावर सही करायला नकार देणाऱ्या अठरा-एकोणीस इटालियन बिशपांचा तो म्होरक्या झाला आणि त्यापायी पद गमावून बसला. जुलियनचा प्रश्न सरळ होता. पाप रक्ताबरोबर मुलात उतरते असे म्हटले की विवाह आणि मूल होणे हीच पापाची वाट ठरते. मग ही मानीची शिकवणच मागच्या दाराने आत आणण्यासारखे नाही का? आणि ज्या बाळाने डोळेही उघडले नाहीत त्याला दंड देणारा देव न्यायी कसा म्हणावा?

या दुसऱ्या प्रश्नावर ऑगस्टीनची मान अडकली. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळांना सर्वांत सौम्य का होईना, पण शिक्षाच होते, असे त्याने लिहिले. बालमृत्यू घरोघरी असलेल्या काळात या वाक्याने किती आयांच्या काळजाचे पाणी केले असेल! त्याच्या तर्कात ते बसत होते. पण ज्या तर्काला तान्ह्या बाळाला दोषी ठरवावे लागते, त्याची पायरी कुठेतरी चुकली आहे, असेच म्हणावे लागते. मध्ययुगाने तोडगा म्हणून ‘लिंबो’ ही जागा कल्पिली, जिथे यातना नाहीत आणि स्वर्गही नाही. दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्या वर्तुळात ही बालके ठेवली. कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये एक निवेदन प्रसिद्ध केले आणि अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असे म्हटले. ऑगस्टीनच्या मृत्यूनंतर 1577 वर्षांनी आलेले हे उत्तर आहे.

तो मृत्यूही त्या वादाच्या मध्येच आला. 28 ऑगस्ट 430 रोजी, वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना, ऑगस्टीन गेला. जुलियनला द्यायच्या उत्तराचा ग्रंथ लिहायचा अर्धवट राहिला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सगळे ख्रिस्ती ऑगस्टीनच्या वाटेने गेलेले नाहीत. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स परंपरा मानते की आदामाकडून माणसाला मरण आणि दुबळेपणा वारशाने आला, अपराध नाही. आजारी आईबापांपोटी जन्मलेले मूल आजारी असेल, पण गुन्हेगार नसेल, असा काहीसा तो दृष्टिकोन. पश्चिमेतही मार्सेयच्या मठातल्या जॉन कॅसियनने मधली वाट काढून पाहिली: पहिली हाक कधी देवाची असते, तर कधी पहिले पाऊल माणसाचे असते. 529 मध्ये फ्रान्सच्या ऑरेंज गावी भरलेल्या सभेने ती वाट नाकारली. पहिले पाऊलसुद्धा देवाच्या कृपेनेच पडते, असा निर्णय दिला. मात्र काही माणसांना देवाने नरकासाठीच नेमले आहे हे म्हणणेही त्या सभेने तितक्याच जोराने धुडकावले.

भारतीय वाचकाला हा तिढा ओळखीचा वाटेल. रामानुजांच्या परंपरेत वेदान्तदेशिक आणि पिळ्ळै लोकाचार्य यांच्या अनुयायांत असाच वाद झाला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने कोणासारखे असावे? कॅसियन माकडाच्या पिल्लाच्या बाजूला आणि ऑगस्टीन मांजरीच्या. दोन्हीकडे भांडण भक्तांचेच होते, नास्तिकांशी नव्हते.

हजार वर्षे पुढे जाऊ. 1505 मध्ये एर्फुर्ट शहरात मार्टिन लूथर नावाचा तरुण मठात दाखल झाला, आणि तो मठ ऑगस्टीनच्या नावाच्या संघाचा होता. उपास, जागरणे, वारंवार पापनिवेदन, सगळे करूनही आपण पुरेसे केले असे त्याला कधी वाटेना. त्याच सुमारास बाहेर पापदंडमाफीची पत्रे पैशाने विकली जात होती आणि त्या पैशातून रोमचे सेंट पीटर्स चर्च उभे राहत होते. एकाला सर्वस्व देऊनही शांती नाही, दुसऱ्याला ती बाजारात मिळते. 31 ऑक्टोबर 1517 रोजी लूथरने या विक्रीविरुद्ध मांडलेल्या 95 कलमांमागे ही खदखद होती. माणूस सत्कृत्यांनी नव्हे, केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, हे लूथरने नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातून उचलले आणि त्यावर सारे पणाला लावले.

1524 मध्ये त्या काळचा सर्वांत मोठा विद्वान इरॅस्मस याने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने एक नेमस्त पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी लूथरने त्याच्या चौपट तडफेने उत्तर दिले आणि माणसाची इच्छा बद्ध आहे असे ठणकावले. पोप, पापमाफी, शुद्धिस्थान असल्या किरकोळ गोष्टी सोडून प्रतिपक्षाने थेट वर्मावर बोट ठेवले, याबद्दल त्याने इरॅस्मसचे आभारही मानले. आपल्या ग्रंथांपैकी जे जपून ठेवावेसे त्याला वाटे, त्यांत हा होता.

सत्कृत्यांनी पुण्य मिळत नाही म्हटल्यावर गरिबांचे काय होणार, हा प्रश्न मात्र पुस्तकी नव्हता. मध्ययुगात भिक्षा घालणे हे दात्याच्या आत्म्यासाठी होते. भिकारी हा त्या पुण्याचा वाटेकरी. हे गणितच लूथरने मोडले. विरोधक म्हणू लागले की आता कुणी कुणाला दमडी देणार नाही. सॅक्सनीतल्या लाइस्निग या छोट्या गावाने 1523 मध्ये याला कृतीने उत्तर दिले. चर्चमध्ये एक सामाईक पेटी ठेवली, तिला चार कुलुपे. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावच्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे. त्यातून अनाथ, म्हातारे आणि अडलेले कारागीर यांना मदत द्यायची आणि हिशेब गावापुढे मांडायचा. या नियमावलीला लूथरने स्वतः प्रस्तावना लिहिली. पुण्याचा लोभ गेल्यावर दान थांबते, हे म्हणणे निदान त्या गावात तरी खरे ठरले नाही.

याकोबाचे पत्र मात्र लूथरला शेवटपर्यंत बोचले. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे ते पत्र सांगते, आणि लूथरने त्याला पेंढ्याचे पत्र म्हटले. नव्या करारात पौल आणि याकोब शेजारीशेजारी आहेत. चर्चने दोघांपैकी कुणालाही बाहेर काढले नाही, हे त्याचे शहाणपण. ट्रेंट इथल्या कॅथलिक परिषदेने 1546 मध्ये जन्मपापावर आणि 13 जानेवारी 1547 रोजी तारणावर निर्णय दिला, तो पुष्कळदा समजला जातो त्यापेक्षा बारकाईचा आहे. सुरुवात कृपेचीच, असे तो म्हणतो. पण त्या कृपेला माणूस होकार देतो, आणि तो होकार त्याचा स्वतःचा असतो.

प्रॉटेस्टंटांमध्येही एकमत नव्हतेच. लूथरनंतरचा सुधारक कॅल्विन याच्या अनुयायांनी, कुणाला तारायचे हे देव आधीच ठरवतो हा पूर्वनिवडीचा सिद्धांत कडक केला. हॉलंडमध्ये धर्मशास्त्री आर्मिनियसच्या शिष्यांनी त्याला हरकत घेतली आणि 1618-19 मध्ये डॉर्ट शहरी भरलेल्या धर्मसभेने त्यांना बाहेर काढले. त्यांना पाठीशी घालणारा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा 13 मे 1619 रोजी हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्याच बाजूचा, जन्मठेप झालेला कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला. इच्छा स्वतंत्र आहे की नाही, या प्रश्नाने माणसांची डोकी अक्षरशः उडवली.

हॉलंडमध्ये हे पेटत असताना गोव्याच्या साष्टीत एक इंग्रज जेझुइट आदामाची कथा मराठी ओवीत सांगत होता. थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-हव्वेचे पतन आणि जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्या भागात ख्रिस्ताची. नवख्रिस्ती श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तरे देतो. जन्मपापाची कल्पना मराठीत पहिल्यांदा तपशिलाने आली ती अशी, पुराण ऐकण्याच्या घरगुती रीतीने. याच गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालयही होते, हे विसरून चालणार नाही. सक्तीचे जे समर्थन ऑगस्टीनने केले होते त्याची सावली इथवर पोचली होती.

ऑगस्टीनच्या नावाच्या संघाचे साधू 1572 मध्ये जुन्या गोव्यात आले. टेकडीवर त्यांनी उभारलेले भव्य चर्च ‘कृपेची माता’ या नावाने मरियेला वाहिलेले होते. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने संघ हुसकावला, इमारत ढासळली, आणि आता एका उंच बुरुजाचा अर्धा भाग उभा आहे. तिथली मोठी घंटा 1871 पासून पणजीच्या पायऱ्यांवरच्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे. ते चर्च मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचे, म्हणजे तिला जन्मपापाचा स्पर्श झाला नाही या श्रद्धेचे. रोमने 1854 मध्ये ही श्रद्धा अधिकृत केली. ऑर्थोडॉक्स चर्च ती मानत नाही, कारण अपराधच वारशाने येत नसेल तर मरियेला त्यातून वगळण्याची गरज उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे या वादात श्रोते राहिली नाहीत. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी तरुणपणी संस्कृतात मिशनऱ्यांचे खंडन लिहिले. जन्मतः कुणी आंधळा, कुणी धडधाकट. पूर्वजन्मीचे कर्म मानले नाही तर ही विषमता देवाच्या माथी येते, असा त्यांचा आक्षेप होता. जुलियन ज्या ठिकाणी ऑगस्टीनला भिडला होता, जवळजवळ त्याच ठिकाणी शास्त्रीबुवा पोचले होते. पुढे त्यांनीच 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. ख्रिस्ती श्रद्धेकडे वळताना ज्यांच्या लिखाणाचा आधार मिळाला, त्यांत पंडिता रमाबाई त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतात.

रमाबाईंचे उदाहरण या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात चर्चचे एकेक मत त्या घासूनपुसून पाहत होत्या आणि पटले नाही तर तसे स्पष्ट लिहीत होत्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन काढले. बालविधवांना आसरा, शिक्षण, हाताला काम. सत्कृत्य म्हणायचे तर याहून मोठे काय असेल? आणि नेमक्या या काळाबद्दल, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांच्या हे लक्षात आले. हॅस्लम वर्षानुवर्षे उपदेश करत होता, आणि त्याचे स्वतःचे परिवर्तन व्यासपीठावर, स्वतःच्याच प्रवचनात झाले.

देवापुढे आपल्या कामाची काही किंमत नाही हे पटल्यावर रमाबाईंचे काम आटले का? उलट झाले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या, केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या, छापखाना आला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटेपर्यंत चालवले. कृपेवर भरवसा ठेवणारा माणूस हातपाय गाळून बसतो, हा पेलागियसचा आक्षेप होता. केडगाव पाहिले असते तर त्याला तो मागे घ्यावा लागला असता.

31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण कृपेने होते, आपल्या लायकीने नाही, आणि सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे आहेत, असे दोघांनी मिळून म्हटले. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये कॅल्विनच्या परंपरेतली चर्चेस त्यात सामील झाली. काही मुद्दे अजून उघडे आहेत, पण सोळाव्या शतकात एकमेकांवर फेकलेले शाप आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत, हे उभय पक्षांनी लेखी मान्य केले. तोलून पाहता ऑगस्टीनची अर्धी बाजू टिकली, अर्धी गळाली. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होत नाही, हे त्याचे म्हणणे बहुतेकांनी ठेवले. तान्ह्या मुलाचा अपराध मात्र आज फारसे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

या विषयात शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकाने थोडे मूळ वाचन करावे. उत्पत्तीचा तिसरा अध्याय, यहेज्केलाचा अठरावा, रोमकरांस पत्राचे तिसरे ते पाचवे, आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा. सगळे मिळून तासाभराचे काम आहे. हाताशी असेल तर ‘क्रिस्तपुराणा’चा पहिला भाग चाळावा, आणि रमाबाईंची 1907 मध्ये प्रसिद्ध झालेली साक्ष जरूर वाचावी, ती छोटी आहे आणि एका बैठकीत संपते.